प्रश्न वाचकांचे : संगणक मध्येच बंद पडतो

प्रश्न : मी २०२० मध्ये पुण्याहून सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला. तो चार वर्षे विनातक्रार चालला. गेल्या वर्षी जुने ग्राफिक्स कार्ड काढून मोठे बसवले आणि तेव्हापासून व्हिडिओ संपादन करताना किंवा एखादा जड गेम सुरू असताना संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. निळा पडदा येत नाही, कसलीही सूचना दिसत नाही. रॅम बदलून पाहिली, विंडोजही नव्याने टाकली. दुकानदार आता मदरबोर्ड बदलायला सांगतो. कधी कधी कॅबिनेटला हात लागला की मुंग्या आल्यासारखे वाटते. काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : मदरबोर्ड बदलू नका, निदान इतक्यात तरी नको. रॅम किंवा ड्रायव्हर बिघडलेला असेल, तर बंद पडण्यापूर्वी निळा पडदा दाखवून काहीतरी नोंद ठेवण्याइतका वेळ विंडोजला बहुधा मिळतो. वीजच तुटली, तर तो मिळत नाही आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद सापडते, जिचा अर्थ ‘मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता’ यापलीकडे काही होत नाही. आपले वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळते, म्हणून माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर आहे.

कॅबिनेटचे झाकण उघडून एसएमपीएसवरचे लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतला वॅटचा आकडा सोडून द्या आणि १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड भाग १२ व्होल्टवरच चालतात. मी जोडलेल्या पहिल्या संगणकात कॅबिनेटबरोबर फुकट आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस होता, त्याच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलेले होते, म्हणजे प्रत्यक्ष उपयोगाचे जेमतेम १९२ वॅट. उरलेली बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतून भरून काढलेली होती. हा हिशेब मी वर्षभर केला नाही आणि तेवढ्या काळात दोनदा रॅम बदलली, म्हणून आपली धडपड मला चांगलीच समजते.

दुसरे असे की, ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर लिहिलेले वॅट ही सरासरी असते. दृश्य बदलताना काही मिलिसेकंदांपुरते कार्ड त्याहून बरीच अधिक वीज ओढते आणि एसएमपीएस चांगल्या प्रतीचा असला, तरी क्षमता काठावरची असेल, तर स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद होतो. खातरजमा करायला पैसे लागत नाहीत. जुने कार्ड जवळ असेल, तर ते दोन दिवस लावून तेच काम करून पाहा. नसेल, तर कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून त्याची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा. बंद पडणे थांबले, तर एसएमपीएस बदलावा. न थांबले, तर मात्र पुढचा शोध मदरबोर्डाकडे वळवायला हरकत नाही.

नवा एसएमपीएस घेताना ‘८० प्लस’च्या शिक्क्यावर सगळी भिस्त ठेवू नये. २००४ पासून दिले जाणारे हे प्रमाणपत्र भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते एवढेच सांगते. शॉर्टसर्किट झाल्यास तो वेळेवर बंद होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. वॉरंटीची वर्षे हा मला त्याहून बरा निकष वाटतो. कार्डाला विजेच्या दोन जोडण्या असतील, तर एकाच केबलची दोन टोके न लावता एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणाव्यात. आणि जुन्या एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. हार्ड डिस्कच्या बाजूचे टोक सर्वत्र सारखे असते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. जुनी केबल खाचेत अगदी सहज बसली म्हणून मी निर्धास्त राहिले, बटण दाबले आणि एक क्षीण टक् असा आवाज होऊन आठ वर्षांच्या छायाचित्रांची हार्ड डिस्क गेली. दोष सर्वस्वी माझा होता, कारण नव्या केबलांची पिशवी टेबलावरच पडली होती.

आता मुंग्यांविषयी. आपण ते जाता जाता लिहिले आहे, पण खरे तर तेच आधी दुरुस्त करायला हवे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या आवरणापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर असतो आणि त्यातून निघणारा किरकोळ प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल, तर कॅबिनेट या दोन कपॅसिटरांच्या मध्ये लोंबकळत राहते आणि त्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब दिसतो. प्रवाह क्षीण असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण आत खरोखरच बिघाड होऊन फेज आवरणाला टेकली, तर तिला जमिनीत जायला वाट उरत नाही आणि कॅबिनेटला हात लावणे जिवावर बेतू शकते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो खरा, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. अर्थिंग नीट होईपर्यंत संगणक चालू असताना धातूच्या भागाला हात लावू नका आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढा.

प्रश्न : २०१९ मध्ये घेतलेल्या एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरवरचा कूलर पहिल्यांदाच काढून साफ करायचा आहे. थर्मल पेस्ट बदलावी लागेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कूलर उचलला की पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा मधला लेप, बदलावीच लागते. ती तुरीच्या दाण्याएवढी पुरते. बाकीचे काम कूलरचा दाब करतो. खरी जोखीम त्याआधीची आहे. जुनी पेस्ट सुकून प्रोसेसर आणि कूलर एकमेकांना चिकटवते, आणि एएम४ची खिट्टी प्रोसेसरच्या पिना धरून ठेवत असली, तरी सरळ वर ओढणाऱ्या हातापुढे तिचे काही चालत नाही. माझा प्रोसेसर असाच कूलरला चिकटून बाहेर आला आणि १३३१ पिनांपैकी चार वाकल्या. ०.७ मिलिमीटरच्या क्लिक पेन्सिलीतले शिसे काढून तिचे पोकळ टोक एकेका पिनेवर चढवत मी त्या सरळ केल्या, ज्याला पाऊण तास आणि घरातले सगळे दिवे लागले. आपण तसे करू नका. अर्धा तास संगणकाला जड काम देऊन पेस्ट तापवा, मग बंद करून प्लग काढा, कूलरचे स्क्रू अथवा पकड सोडवा आणि कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवून सैल झाल्यावरच उचला. इंटेलने २००४ पासून आणि एएमडीने २०२२ मध्ये एएम५ आणताना पिना सॉकेटमध्ये नेल्यामुळे नव्या संगणकांत हा प्रसंग येत नाही. तिथे पिना जपायच्या त्या मदरबोर्डावरच्या.

समुद्राकाठच्या दमट हवेत पंख्यावरची धूळ चिकट होते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही. कोरड्या, मऊ ब्रशने ती झाडावी आणि ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला की त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

प्रश्न : मदरबोर्डावर नवी एम.२ एसएसडी बसवल्यापासून जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली आहे. ती बिघडली असेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : बहुधा नाही. अनेक मदरबोर्डांवर एम.२चा खाचा भरला की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावायच्या जागा) आपोआप बंद होतात, कारण दोघांची तार आतून एकच असते. कोणते पोर्ट बंद होतात, ते मदरबोर्डाच्या पुस्तिकेत खाच्यांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले असते. संगणक बंद करून हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या साटा पोर्टला लावून पाहा.