जागा धरून ठेवण्यासाठी भरायची रक्कम आणि पुढची प्रतीक्षा

ताई, आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण डोंबिवलीत राहता. आपल्या मुलीला पश्चिम उपनगरातील एका खासगी संस्थेत पीजीडीएमसाठी (व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविकेसाठी) प्रवेश देऊ केला आहे आणि १० दिवसांत ७५,००० रुपये भरून जागा निश्चित करायची आहे. तिचे मन मात्र चर्चगेटच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत आहे, जिथले प्रवेश राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून होतात. शिवाय आणखी एका संस्थेच्या प्रतीक्षा यादीत तिचे नाव आहे. रक्कम भरावी का, आणि अशी जागा अडवून ठेवणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

रक्कम भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याआधी एका संध्याकाळी मुलीसोबत बसून तिन्ही संस्थांचा क्रम कागदावर लिहून घ्यावा. प्रतीक्षा यादीतली संस्था हातातल्या संस्थेपेक्षा खरोखरच सरस वाटते का, की केवळ तिचे उत्तर आलेले नाही म्हणून ती मोठी वाटते, हे तिने स्वतः सांगावे. बजाजच्या बाबतीत सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या कॅप फेऱ्यांचे कट-ऑफ पाहता येतात. तिथे खुल्या प्रवर्गाला ९९ च्याही बरेच वर पर्सेंटाइल लागते, म्हणजे शंभरातल्या ९९ हून अधिक परीक्षार्थींच्या पुढे असावे लागते. मुलीचे मिळालेले किंवा अपेक्षित गुण त्याच्या जवळपास नसतील, तर त्या संस्थेसाठी थांबण्याचा खर्च करण्यात अर्थ नाही, आणि हे कठोर वाटले तरी आताच मान्य केलेले बरे. गुण जवळ असतील, तर हे ७५,००० रुपये वाट पाहण्याची किंमत आहे असे समजावे आणि त्यातले नेमके किती बुडू शकतात, एवढेच तपासावे.

हे संस्थेच्या प्रकारावर ठरते, म्हणून प्रवेशपत्रात पीजीडीएम लिहिले आहे की एमबीए, हे आधी पाहावे. पीजीडीएम देणाऱ्या बहुतेक खासगी संस्था अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या मान्यतेने चालतात. परिषदेचा नियम असा आहे की अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रवेश सोडला, तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली सर्व रक्कम परत द्यावी. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर सोडला आणि ती जागा प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत दुसऱ्या विद्यार्थ्याने भरली, तर तेवढ्या काळाची मासिक फी आणि वसतिगृहाचे भाडे प्रमाणात कापले जाते. जागा रिकामीच राहिली, तर मात्र सुरक्षा ठेवीपलीकडे फारसे हाती येत नाही. पत्रात ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे छापलेले असले, तरी त्यामुळे परिषदेचा नियम रद्द होत नाही. एवढे मात्र खरे की असे छापणाऱ्या संस्थेकडून पैसे काढताना पत्रव्यवहार बराच करावा लागतो.

एमबीए देणारे डीम्ड (अभिमत, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था) किंवा खासगी विद्यापीठ असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम लागतो आणि त्याचे टप्पे प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेवरून मोजले जातात, आपण पैसे कधी भरले यावरून नाही. अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत मिळते आणि त्यातून फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के आणि त्यापुढच्या १५ दिवसांत ५० टक्के रक्कम परत मिळते. त्यानंतर काहीही नाही. आयोग काही वर्षी याहून सवलतीच्या तारखा जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा होता. म्हणून यंदाचे परिपत्रक पाहूनच हिशेब करावा.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते, ती सांगतो. पालकांचे सगळे लक्ष या पहिल्या रकमेवर असते, पण कसोटी लागते ती दुसऱ्या हप्त्याच्या वेळी. अशा खासगी संस्थांचे वर्ग बहुधा जूनमध्ये सुरू होतात आणि त्याच सुमारास काही लाखांचा हप्ता मागितला जातो, तर एमबीएच्या कॅप फेऱ्या गेल्या काही वर्षांत जुलै-ऑगस्टमध्ये, कधी त्याही पुढे गेल्या आहेत. म्हणजे बजाजची यादी लागेल तेव्हा मुलगी त्या संस्थेत महिनाभर शिकत असेल, मोठी रक्कम तिथे अडकलेली असेल आणि परतावा जागा पुन्हा भरण्यावर अवलंबून असेल. त्यामुळे आज ७५,००० भरायचे का, यापेक्षा वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आपण काय करणार, हे आजच ठरवा. सीईटीचा निकाल तोपर्यंत लागलेला असेल, तर त्या गुणांवरूनच पुढे जायचे की थांबायचे, हे ठरवता येते.

माझा स्वतःचा अनुभव येथे उपयोगी पडेल. २०१९ मध्ये माझ्या मुलाने एका डीम्ड विद्यापीठात २,४०,००० रुपये भरले होते. दुसरीकडे प्रवेश मिळाल्यावर मी कार्यालयात फोन केला, तिथल्या कर्मचाऱ्याने ‘नोंद घेतो’ असे सांगितले आणि मी निश्चिंत झालो. लेखी अर्ज नऊ दिवसांनी पाठवला. त्या नऊ दिवसांत १५ दिवसांची सीमा उलटून गेली होती, आणि ५,००० रुपयांऐवजी २४,००० रुपये कापले गेले. नियमानुसार त्यांची बाजू बरोबर होती, कारण लेखी अर्जाची तारीखच धरली जाते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की रद्द करण्याचा अर्ज ई-मेलने पाठवावा, पोच मागावी आणि त्यात बँक खात्याचा तपशील त्याच वेळी द्यावा. आयोगाच्या नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा असतो. तो न आल्यास आयोगाच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवर आणि पीजीडीएमच्या बाबतीत एआयसीटीईकडे तक्रार करता येते.

मूळ कागदपत्रे मात्र कोणत्याही संस्थेकडे ठेवू नका. आयोग आणि परिषद या दोघांनीही ती अडवून ठेवण्यास मनाई केली आहे. दाखवा, तपासून घेऊ द्या आणि त्याच दिवशी परत घ्या, कारण कॅपमधून जागा मिळाल्यावर महाविद्यालयात प्रवेश निश्चित करायला मोजकेच दिवस असतात आणि त्या वेळी मूळ गुणपत्रिका हातात लागते. पहिली रक्कम शक्यतो बचतीतून भरा, शैक्षणिक कर्जातून नको. बँकेने रक्कम वितरित केली की व्याज सुरू होते आणि प्रवेश रद्द झाल्यावर पैसे कर्जखात्यात परत जमा होण्यात वेळ जातो. कॅपमध्ये खालच्या पसंतीची जागा मिळाली, तर ‘फ्रीझ’, म्हणजे तीच जागा कायम करण्याचा पर्याय, दाबण्याची घाई करू नका. ‘बेटरमेंट’, म्हणजे वरच्या पसंतीसाठी थांबण्याचा पर्याय, घेतल्यास ती जागा राहते आणि पुढच्या फेऱ्याही खुल्या राहतात. फक्त वरची पसंती मिळताच आधीची जागा आपोआप सुटते, हे लक्षात ठेवून पसंतीक्रम भरावा.

जागा अडवण्याबद्दल आपल्याला अपराधी वाटते, हे वाचून बरे वाटले. रक्कम भरून वाट पाहणे हा नियमांनीच दिलेला मार्ग आहे, त्यात गैर काही नाही. मात्र निर्णय झाल्यावर आठवडाभर ‘बघू’ म्हणत बसणे योग्य नाही, कारण त्या जागेखाली प्रतीक्षा यादीत कोणीतरी नालासोपाऱ्यात किंवा नाशिकमध्ये रोज ई-मेल उघडून पाहत असते, जशी आज आपली मुलगी दुसऱ्या संस्थेसाठी पाहत आहे. ज्या दिवशी ठरेल त्याच दिवशी अर्ज पाठवा. शिवाय जागा लवकर भरली गेली, तर परतावाही अधिक मिळतो.

प्रवेशपत्रातील परताव्याचा परिच्छेद आणि वर्ग सुरू होण्याची तारीख येथे जशीच्या तशी लिहिलीत, तर कोणत्या दिवसापर्यंत किती रक्कम सुरक्षित आहे, ते मी मांडून देतो.