वाचकांचे प्रश्न : बालवाडीचे शिक्षण कुठे आणि कसे घ्यावे?

प्रश्न : मी कागल तालुक्यातील असून यंदा वाणिज्य शाखेतून बारावी ६२ टक्क्यांनी उत्तीर्ण झाले. मला बालवाडीत शिकवायचे आहे. कोल्हापुरातील एक खासगी संस्था एक वर्षाचा 'माँटेसरी' अभ्यासक्रम चालवते आणि नोकरीची हमीही देते. वडील मात्र डी.एल.एड. कर म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हाती कोणते प्रमाणपत्र पडेल हा एक, आणि त्या काळात तुम्ही खरोखर काय शिकाल हा दुसरा. प्रमाणपत्राचे आधी पाहू, कारण ते लवकर आटोपते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पूर्वप्राथमिक शिक्षकासाठी किमान पात्रता ठरवलेली आहे. बारावीला ५० टक्के गुण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका, असे तिचे साधारण स्वरूप आहे. एक वर्षाचा, परिषदेची मान्यता नसलेला अभ्यासक्रम त्यात बसत नाही. खासगी बालवाड्या बहुधा एवढे काटेकोर पाहत नाहीत, त्यामुळे अशा प्रमाणपत्रावर नोकरी मिळते हे खरे आहे. पण पुढे केंद्रीय विद्यालयाच्या बालवाटिकेसारख्या (म्हणजे पहिलीआधीच्या वर्गांच्या) ठिकाणी अर्ज करायची वेळ आली की तेच प्रमाणपत्र अपुरे पडते. शिवाय 'माँटेसरी' हे नाव कोणीही आपल्या पाटीवर लावू शकतो, त्याला कायद्याचे बंधन नाही. या पद्धतीच्या जनक मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासला आल्या आणि त्यांनी तिथे शिक्षकांचे वर्ग घेतले, त्या परंपरेशी तुमच्या संस्थेचा संबंध आहे का, हे शिकवणाऱ्या बाईंचे स्वतःचे प्रशिक्षण कुठे झाले ते विचारल्यावर कळेल.

वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही. डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुळात प्राथमिक शाळेसाठी आहे, त्यात किमान २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, असते आणि पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला असल्यामुळे पहिली आणि दुसरीचे वर्गही आता त्याच स्तरात येतात. चार वर्षे देण्याची तयारी असेल तर बारावीनंतरची एकात्मिक शिक्षक पदवीही आहे. तिच्यात पायाभूत स्तर निवडता येतो आणि प्रवेश एनसीईटी या परीक्षेतून होतो. आधी पदवी आणि मग बी.एड. हा मार्ग मात्र लहान मुलांसाठी धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पात्रता राहिलेली नाही.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही संस्थेत फीची चौकशी करण्याआधी एवढेच विचारा, की तुमची स्वतःची बालवाडी आहे का, आणि छात्राध्यापिका (शिक्षिका होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी) आठवड्यातील किती सकाळी तिथे मुलांत असतात? उत्तर 'शेवटच्या महिन्यात सराव पाठ असतात' असे आले, तर तिथून उठलेले बरे.

असे का म्हणते ते सांगते. माझ्या एका छात्राध्यापिकेने पहिल्या आठवड्यात निरीक्षण वहीत एकच ओळ लिहिली होती : 'मुलगी पाण्याशी खेळली.' दुसऱ्या दिवशी मी तिला त्याच मुलीसमोर चटईवर वीस मिनिटे पुन्हा बसवले. या वेळी तिने लिहिले, की मुलगी उंच पेल्यातले पाणी पसरट वाटीत ओतत होती, तीन वेळा वाटी भरून पाणी सांडले, आणि चौथ्या वेळी पेला तिरपा करण्याआधी तिने वाटीच्या काठाकडे पाहिले. त्या पाहण्यात अंदाज बांधणे आले, हात आणि डोळा यांचा मेळ आला, आणि ज्याला आपण पुढे मापन म्हणतो त्याची सुरुवातही आली. पुढच्या दिवसाचे टाचण लिहिताना छात्राध्यापिकेने आपणहून वेगवेगळ्या आकारांची चार भांडी मांडायचे ठरवले. हे व्याख्यानातून येत नाही. याउलट ज्या वर्गात थर्माकोलची घरे आणि चमकी लावलेले तक्ते यांवर गुण मिळतात, तिथले शैक्षणिक साहित्य प्रदर्शनाच्या टेबलावरून मुलांच्या हाती कधी पोहोचतच नाही. (असे तक्ते मीही उमेदवारीत रात्र रात्र जागून केले आहेत, म्हणून हे अनुभवाचे बोल समजावेत.)

भाषेबद्दलही विचारा. एका सकाळी चार वर्षांच्या मुलाने 'बाई, पानी पायजे' म्हटले. छात्राध्यापिका म्हणाली, 'पाणी हवे, असे म्हण.' मूल गप्प झाले आणि वर्ग सुटेपर्यंत त्याने पुन्हा पाणी मागितले नाही. आपल्याकडची मुले घरून जी बोली घेऊन येतात तीच त्यांची पहिली शिदोरी असते, आणि पाणी आधी द्यायचे असते. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय मुलांच्या अनुभवातून शिकवण्यासाठी ओळखले जाते. परवानगी मिळाली तर तिथला एक दिवस पाहून या, आणि मग त्या एक वर्षाच्या वर्गात एक दिवस बसून पाहा. निवड करणे सोपे जाईल.

प्रश्न : मी बी.ए. असून गेली आठ वर्षे उपनगरातील एका खासगी बालवाडीत शिकवते, पण प्रशिक्षण घेतलेले नाही. नोकरी सोडणे शक्य नाही. शिवाय आमच्याकडे छोट्या गटापासून मुळाक्षरे गिरवून घेतात आणि पालकांनाही तेच हवे असते.

उत्तर : नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) बालसंगोपन व बालशिक्षणाची पदविका पाहावी. बारावी उत्तीर्ण असलेल्यांना प्रवेश मिळतो, किमान अवधी एक वर्षाचा आहे आणि तिच्यात प्रकल्पकार्यही असते. वर सांगितलेली दोन वर्षांची अट तिने पूर्ण होत नाही, हे मात्र प्रवेशाआधी ध्यानात असू द्या. आठ वर्षे जे तुम्ही अंदाजाने करत आलात त्याला शास्त्राचा आधार मिळेल, आणि पुस्तकातले प्रत्येक पान वाचताना एखादे ओळखीचे मूल डोळ्यांसमोर येईल. अठरा वर्षांच्या मुलीला हा लाभ नसतो.

गिरवण्याविषयी : तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात, म्हणून पेन्सिल मुठीत धरली जाते आणि अर्ध्या ओळीत हात दुखतो. मातीचे गोळे वळणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे, ओल्या कपड्याचा पीळ काढणे ही सारी लेखनपूर्व तयारीच आहे. पालकसभेत हे नुसते सांगू नका. आईच्या हाती जाड सुतळी आणि बारीक भोकाचे मणी द्या आणि डाव्या हाताने ओवायला सांगा. दोन मिनिटांत तिला मुलाची अडचण कळते, असा माझा अनुभव आहे. संस्थाचालक तरीही ऐकत नसतील तर भांडण न करता दिवसातील अर्धा तास तरी हस्तकामासाठी मागून घ्या.

प्रश्न : माझ्या मुलाला लहान मुलांची आवड आहे. मुलग्याने या क्षेत्रात जावे का? नातेवाईक हसतात.

उत्तर : अवश्य जावे. भावनगरला १९२० साली बालमंदिर उभे करणारे गिजुभाई बधेका पुरुष होते आणि मूळचे वकील होते. महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. व्यवहाराची एक बाजू मात्र मुलाला आधीच सांगा. अंगणवाडी सेविकेचे पद महिलांसाठीच असते, आणि बऱ्याच खासगी बालवाड्या पुरुष शिक्षक घ्यायला कचरतात. त्यामुळे त्याने डी.एल.एड. करून पहिली-दुसरीच्या वर्गापासून सुरुवात करावी. तो स्तर आता पायाभूतच आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीचा वर्ग गुरुजींकडे असणे आपल्या भागात कोणालाही नवे नाही.