वाचकांचे प्रश्न : चहाचे पेले कोण विसळणार?

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेनंतर सुमारे १५० जणांना चहा दिला जातो आणि दर आठवड्याला वापरलेल्या कागदी पेल्यांच्या पिशव्या आवाराबाहेर जातात. नाताळच्या प्रीतिभोजनानंतर तर ताटे, वाट्या आणि चमचे यांचा ढीग दोन दिवस तसाच पडून असतो. स्टीलचे पेले घ्यावेत असे मी सुचवले, तेव्हा मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरनी) सांगितले की, मंडळीचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, कचऱ्याची चिंता करण्याचे नव्हे. महिला मंडळातील भगिनींची हरकत वेगळीच होती : पेले शेवटी आम्हालाच घासावे लागतील. मी काय करावे?
— एक भगिनी, सदर, नागपूर

उत्तर : पहिली हरकत अधिक मोठ्या आवाजात घेतली गेली असली, तरी दुसरी अधिक खरी आहे, म्हणून पहिलीचे उत्तर थोडक्यात देतो. बागेची मशागत आणि राखण करण्याचे काम मनुष्याला उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मिळते आणि पापाचा प्रवेश होतो तो तिसऱ्या अध्यायात. तारणाची गरज निर्माण होण्याआधीच जे काम नेमून दिलेले होते, ते तारणाच्या कार्यात अडथळा आणते असे म्हणणे कठीण आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांचे भोजन आटोपल्यावर, काहीही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. हे काम त्याने शिष्यांना सांगितले होते, एवढे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवावे. ‘हे हल्लीचे खूळ आहे’ असे कोणी म्हटलेच, तर स्टीफन हिस्लॉप यांची आठवण करून द्यावी. ज्यांच्या नावाने नागपुरात १८८३ पासून महाविद्यालय उभे आहे, ते हे मिशनरी सुवार्तेचे काम करता करता टाकळीच्या परिसरातील खडक आणि जीवाश्म तपासत असत, आणि एका खनिजाला त्यांचे नावही मिळाले आहे. सृष्टीकडे लक्ष दिल्याने त्यांच्या सुवार्ताकार्याला उणेपणा आला असे म्हणता येणार नाही.

आता भगिनींच्या हरकतीकडे वळू. आमच्या मंडळीत स्टीलचे पेले मोठ्या उत्साहाने घेतले गेले आणि तीन महिन्यांत ते कपाटात बंद झाले, कारण दर रविवारी त्याच चार जणी नळाजवळ उभ्या असत आणि बाकीचे सारे अंगणात गप्पा मारीत. योजना फसली ती पेल्यांमुळे नव्हे, तर विसळण्याचे काम कोणी न ठरवताच बायकांचे ठरून गेले, यामुळे. तुकडे गोळा करण्याचे काम प्रभूने शिष्यांना सांगितले होते, ते इथे आठवावे. वर्षभराने आम्ही ती पुन्हा सुरू केली, तेव्हा प्रत्येकाने आपला पेला स्वतः विसळून जाळीच्या टोपलीत पालथा घालावा असा नियम केला आणि शेवटच्या धुण्यासाठी कुटुंबागणिक पाळी लावली. पाळीच्या यादीत पहिली नावे पाळकसाहेबांची आणि कमिटीच्या सदस्यांची होती, आणि ती योजना अजून टिकून आहे. म्हणून माझा सल्ला असा, की पेल्यांची खरेदी नंतर करावी आणि पाळीची यादी आधी मंजूर करून घ्यावी. यादी मंजूर होत नसेल, तर पेले घेऊच नयेत.

कमिटीपुढे हिशेबही मांडावा. १५० पेले दर रविवारी, म्हणजे वर्षाला ७,८०० पेले होतात. चहा झिरपू नये म्हणून कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे तो धड रद्दीत जात नाही आणि धड खतातही जात नाही. आपल्या शहरात त्याचा शेवटचा मुक्काम बहुधा भांडेवाडीचा कचरा डेपोच. ‘मग धुण्याला लागणाऱ्या पाण्याचे काय?’ असे कोणी विचारेल, आणि मे महिन्यात तो प्रश्न रास्तही आहे. वाहत्या नळाखाली धुण्याऐवजी एका टबात साबणाचे आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी घेतले, तर थोड्या पाण्यात काम भागते. प्रीतिभोजनासाठी पळसाच्या पानांच्या, काड्यांनी टाचलेल्या पत्रावळी घ्याव्यात. विदर्भात त्या आपल्या आजीच्या काळापासून आहेत. मात्र बाजारातील चकचकीत पत्रावळी उलटून पाहाव्यात, कारण कित्येकींना खालून प्लास्टिक चिकटवलेले असते.

प्रश्न : आमचा तरुण संघ दरवर्षी ५ जूनला, पर्यावरणदिनी, चर्चच्या आवारात रोपे लावतो, परंतु पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एखादेच जगते. आमचे काय चुकते?
— तरुण संघाचा सचिव, नागपूर

उत्तर : आपली तारीख चुकते. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) नुकताच संपलेला असतो, जमीन तापलेली असते आणि नागपुरात पाऊस साधारणपणे जूनच्या मध्याच्या आधी येत नाही, त्यामुळे ५ जूनला छायाचित्र चांगले येते आणि रोप मरते. त्या दिवशी केवळ खड्डे खणावेत आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैत, कडुनिंब किंवा करंज लावावे. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात, आणि योगायोगाने आपल्याकडे निंदणी करून रोपांभोवती आळी बांधण्याचे दिवसही तेच असतात. तेव्हा त्यातील एक रविवार आळ्यांसाठी राखून ठेवावा.

पाणी मात्र पुढचे दोन उन्हाळे द्यावे लागेल, आणि त्यासाठी आपल्या प्रार्थनागृहातील कूलर उपयोगी पडतील. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून त्यांच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या कराव्याच लागतात. ते पाणी नालीत न सोडता झाडांना घालावे, पण त्यात तितकेच साधे पाणी मिसळून, कारण बाष्पीभवनाने कूलरच्या पाण्यात क्षार साचलेले असतात आणि कोवळ्या रोपाला ते बाधतात. प्रत्येक रोप एकेका तरुणाच्या नावे करावे. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या जागी पाणी कोण घालणार, हेही लावतानाच लिहून ठेवावे.

प्रश्न : २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात प्लास्टिकची फुले आणि वेष्टनांचा खच पडतो. लोकांच्या भावना न दुखावता हे थांबवता येईल काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : फाटकावर मनाईचा फलक लावू नये; शोकात असलेल्या माणसाला असा फलक टोचतो. आदल्या रविवारी उपासनेत सूचना द्यावी आणि त्या सकाळी फाटकाजवळ सुट्या झेंडूच्या टोपल्या ठेवाव्यात. उरलेल्या मेणबत्त्यांचे मेण गोळा करण्यासाठी एक डबा ठेवला, तर ते वितळवून पुन्हा मेणबत्त्या करता येतात. जुन्या कबरींवरील प्लास्टिकची फुले मात्र त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय उचलू नयेत.