नोकरी सांभाळून एकट्याने छोटा मराठी गेम करायचाय, गेम बनवायचं इंजिन (सॉफ्टवेअर) म्हणून गोडो घेऊ का युनिटी?

गोडोच घ्या, पण आवृत्ती ४ किंवा त्यापुढचीच. मी सोलापुरात रात्री दुकान बंद केल्यावर इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवरचा गेम करतोय, त्यावरून सांगतो. गोडो ३ मध्ये ‘सिद्धेश्वर’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. २०२३ मध्ये आलेल्या ४ मध्ये ती नीट जुळतात (फॉन्ट मात्र देवनागरीचा टाका). इंजिन फुकट आहे, कमाईत वाटाही मागत नाही. फक्त प्ले स्टोअरवर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ते बारा जण आत्ताच हेरून ठेवा; मित्र ‘करतो की’ म्हणतात आणि चौथ्या दिवशी बाहेर पडतात.