सेशन संपण्याची सूचना वेळेवर का येत नाही?

सर्व्हरवर ३० मिनिटांचं सेशन (लॉगिन टिकण्याचा काळ), पानावर सेटइंटरव्हलने (ठरावीक वेळाने कोड चालवणाऱ्या टायमरने) सेकंद मोजून २८व्या मिनिटाला इशारा; तरी तो कधी उशिरा येतो, कधी येतच नाही आणि भरलेला फॉर्म सबमिट करताच लॉगिनचं पान उघडतं, असा तुमचा प्रश्न आहे.

एकेक सेकंद वजा करणंच चुकतंय. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर मंदावतो. क्रोममध्ये टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेला असेल तर असे टायमर मिनिटाला एकदाच चालू शकतात. लॅपटॉप स्लीपमध्ये गेला तर मोजणी थांबतेच. सर्व्हर कशाला थांबतोय?

म्हणून मोजू नका, अंतिम क्षण साठवा. सर्व्हरने प्रत्येक उत्तरासोबत 'किती सेकंद उरले' हे हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीत) पाठवावं. घड्याळातली वेळ पाठवू नये, कारण वापरणाऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं. ब्राउझरमध्ये डेट.नाऊ (आताची वेळ) अधिक उरलेला वेळ (मिलिसेकंदांत) हा अंतिम क्षण ठेवा आणि दर टिकला, म्हणजे टायमर चालला की, त्यातून फक्त आताची वेळ वजा करा. टिक चुकली तरी उत्तर बरोबर येतं. व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंट (टॅब लपल्याची किंवा दिसल्याची खबर) आला आणि टॅब पुन्हा समोर असेल, तर सर्व्हरला विचारून आकडा ताजा करा.

आता या विचारण्यातच खरी मेख आहे. स्थिती विचारणाऱ्या विनंतीनेच सेशन वाढत असेल, तर उघड्या टॅबचं सेशन कधीच संपणार नाही. स्थिती आणि मुदतवाढ हे दोन वेगळे एंडपॉइंट (सर्व्हरवरचे पत्ते) हवेत, आणि पहिल्याने शेवटच्या वापराची वेळ बदलता कामा नये. एएसपी.नेट कोअर या फ्रेमवर्कमध्ये स्लायडिंग एक्स्पायरेशन (वापरागणिक पुढे सरकणारी मुदत) असताना निम्मी मुदत उलटल्यावरच लॉगिनची कुकी नव्याने मिळते. दहाव्या मिनिटाला बटण दाबून 'पुन्हा ३० मिळाली' असं ब्राउझरने गृहीत धरलं की घोळ झालाच. पीएचपी असेल तर सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम (किती वेळानंतर सेशन जुनं मानायचं ही सेटिंग) आधी तपासा. मूळ किंमत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तुमचा इशारा २८व्या मिनिटाचा! त्यात जुन्या सेशनची सफाई दर विनंतीला होत नाही, शक्यतेवर होते, म्हणून एकच सेशन कधी टिकतं, कधी उडतं. ही किंमत मुदतीपेक्षा मोठी ठेवा आणि मुदत स्वतः, सेशनमधल्या वेळेच्या नोंदीवरून ठरवा.

अनेक टॅब असतील तर मुदतवाढीची बातमी ब्रॉडकास्टचॅनलने (टॅबांमध्ये निरोप पाठवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने) बाकीच्यांना द्या. शून्यावर आल्यावरही थेट लॉगआउट करू नका. आधी एकदा स्थिती विचारा, दुसऱ्या टॅबने वेळ वाढवलेली असू शकते.

इशाऱ्यासाठी अलर्ट() नको. तो उघडा असेपर्यंत पानाची स्क्रिप्ट अडते, म्हणजे ड्राफ्ट सेव्ह करणंही. अलर्टडायलॉग रोल (स्क्रीन रीडरला 'हा इशारा आहे' असं सांगणारी खूण) असलेली पेटी दाखवा, फोकस 'सुरू ठेवा'वर. डब्ल्यूसीएजीच्या (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या) २.२.१ निकषाप्रमाणे इशाऱ्यानंतर साध्या कृतीने वेळ वाढवायला किमान २० सेकंद हवेत. माझ्या मते दोन मिनिटं द्यावीत. दर सेकंदाला स्क्रीन रीडरला बोलायला लावू नका, दोन-तीन टप्प्यांवर पुरे.

सेशन संपलंच, तर एजॅक्स विनंतीला (पान न बदलता स्क्रिप्टने केलेल्या) ४०१, म्हणजे 'लॉगिन नाही' हा कोड द्या. ३०२ ('दुसऱ्या पानावर जा') दिलात तर विनंती करणारा फेच मुकाट्याने लॉगिनच्या पानापर्यंत जातो, २०० ('सर्व ठीक') आणि एचटीएमएल घेऊन येतो, आणि तुम्ही जेसन (अपेक्षित डेटाचा फॉरमॅट) पार्सची चूक शोधत बसता. फॉर्म तसाच ठेवून त्यावर उघडलेल्या पेटीत लॉगिन घ्या आणि त्यानंतर सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच पानावरून आली हे पटवणारी खूण) नवं आणा; जुनं टोकन जुन्या सेशनचं असल्याने सबमिट पुन्हा अडेल. परत आलेली व्यक्ती तीच आहे ना, हे फॉर्म दाखवण्याआधी तपासा.

चाचणीसाठी मुदत दोन मिनिटं आणि इशारा शेवटच्या मिनिटाला ठेवा. मग लॅपटॉप मिटून तीन मिनिटांनी उघडा, दोन टॅबपैकी एकातच वेळ वाढवा, आणि पान लोड करण्याआधी संगणकाचं घड्याळ तासभर पुढे करून पाहा.