तलावातल्या ट्राउटसाठी पहिली बुडणारी फ्लाय लाइन कोणती घ्यावी?

तुमच्याकडे फ्लाय (पिसं-दोऱ्याचा नकली किडा बांधलेला गळ) फेकायचा ६ नंबरचा, म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनचा रॉड आणि फ्लोटिंग, म्हणजे तरंगणारी लाइन आहे, मासे खोल गेलेत असं वाटतंय, आणि सध्या एकच लाइन घेणं जमेल. मग सगळ्यात झपाट्याने बुडणारीच घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. आधी ६ नंबरचीच इंटरमीजिएट, म्हणजे सावकाश बुडणारी लाइन घ्या.

मी सुरुवातीला टाइप ६, म्हणजे झपाट्याने बुडणारी लाइन घेतली होती (टाइपचा आकडा म्हणजे साधारण सेकंदाला किती इंच बुडते ते). ती सेकंदाला साधारण ६ इंच बुडते, म्हणजे आठ फूट पाण्यात सोळा सेकंदांत तळाला. फ्लाय सावकाश ओढली की दर वेळी गळावर हिरव्या शेवाळाचा गुंता. भराभर ओढली तर शेवाळ चुकायचं, पण गार पाण्यात मंदावलेला ट्राउट तिच्यामागे यायचाच नाही. ट्राउटचं बरंचसं खाणं असतं ते ऊन तळापर्यंत पोचतं आणि पाणवनस्पती वाढतात तिथे. इंटरमीजिएट सेकंदाला १ ते २ इंचच बुडते, त्यामुळे त्या वनस्पतींच्या जरा वरून फ्लाय हळूहळू आणता येते. शिवाय वारा असला की फ्लोटिंग लाइनला बाक येतो. इंटरमीजिएट लाटांखाली जाते, आणि माशाने नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं.

दुसरी लाइन घ्याल तेव्हा टाइप ३ घ्या. उन्हाळ्यात वरचं पाणी २० अंशांच्या पुढे तापलं की ट्राउट खालच्या गार पाण्यात उतरतो, तिथे ती हवी. सेकंदाला ३ इंच, म्हणजे फुटाला ४ सेकंद. बारा फुटांना ४८.

लाइन कोणतीही असो, आकडे मोजायची सवय मात्र लावाच. लाइन पाण्यावर पडली की मनात मोजा. पहिल्यांदा १५ वर ओढायला लागा, मग २०, मग २५. फ्लायला शेवाळ लागून आलं की पाच कमी करा. मासा लागला तर तो आकडा धरून ठेवा, पुढच्या वेळी तेवढंच थांबा. खोक्यावरचा वेग स्थिर लाइनचा असतो. ओढायला लागलात की ती वर उचलली जाते, म्हणून तुमच्या मोजणीवर जास्त भरवसा ठेवा.

खोक्यावर ‘डेन्सिटी कॉम्पेन्सेटेड’ (टोकही बाकीच्या लाइनइतक्याच वेगाने बुडणारी) लिहिलेलं बघून घ्या. नाहीतर लाइनचा जाड भाग टोकाच्या आधी बुडतो, मध्ये झोळ पडतो आणि मासा लागल्याचं उशिरा कळतं. झपाट्याने बुडणाऱ्या लाइनला लीडर (लाइनच्या टोकाला फ्लाय बांधायची बारीक दोरी) आखूड ठेवा, पाच-सहा फूट पुरे. लांब लीडरवरची हलकी फ्लाय लाइनच्या बरीच वर तरंगत राहते.

आणि लाइन पुन्हा फेकण्यासाठी उचलताना घाई नको. फ्लाय होडीजवळ आली की रॉड सावकाश वर घ्या आणि पाच-सहा सेकंद तसाच धरा. मागे आलेला ट्राउट पुष्कळदा तिथेच घेतो.