टूल सरफेसला नॉर्मल ठेवलं तरी माथ्यावर खूण का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घुमटाच्या आकाराच्या कोअरवर (मोल्डच्या उंचवट्याच्या भागावर) बॉलनोजने, म्हणजे गोल टोकाच्या कटरने, ५-ॲक्सिस फिनिशिंग करताय, टूल सगळीकडे सरफेसला नॉर्मल, म्हणजे काटकोनात, ठेवलंय, तरी माथ्यावर खूण येते. मग टूल ॲक्सिस धरायचा कसा?

नॉर्मल ठेवलंय म्हणूनच खूण येते. कॅममध्ये (टूलचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा पर्याय पटकन हाताशी येतो आणि ऐकायलाही बरोबर वाटतो, म्हणून सुरुवातीला सगळे तोच घेतात. मीही घ्यायचो. पण बॉलनोजला तो मानवत नाही. १० मिमीचा बॉल आणि ०.२ मिमी कट धरा. टूल नॉर्मल असेल तर प्रत्यक्ष कापणारा व्यास जास्तीत जास्त २.८ मिमी. १०,००० आरपीएमला कागदावर कटिंग स्पीड ३१४ मीटर प्रति मिनिट दिसतो, हातात पडतो ८८, आणि अगदी टोकाला शून्य. तिथे कटर कापत नाही, घासतो. तेच टूल १५ अंश कलवलं की व्यास ५.२ मिमीच्या घरात जातो आणि स्पीड १६३ पर्यंत.

हे झालं कटरचं. तुमची खूण मात्र बहुतेक मशीनच्या बाजूने येतेय.

माझ्याकडे असाच एक जॉब होता. माथ्यावर बरोबर डोक्यावरच्या भोवऱ्यासारखी खूण. मी कटर बदलला, फीड कमी केला, स्पिंडलच्या बेअरिंगवरही संशय घेतला. शेवटी ऑपरेटर म्हणाला, "साहेब, कटरकडे नका बघू, टेबलाकडे बघा." बघितलं तर कटर माथ्याजवळ आला की टेबल गर्रकन फिरायचं आणि तेवढा वेळ कटर एकाच जागी घासत बसायचा.

ए-सी टेबलाच्या मशीनवर दोन रोटरी ॲक्सिस असतात: ए टेबल कलवतो, सी ते गोल फिरवतो. तिथे टूल सी-ॲक्सिसला समांतर झालं की सी कुठेही असला तरी टूलची दिशा तीच राहते. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. खरी अडचण त्या बिंदूच्या आसपास होते. समजा टूल एक्सकडे ०.१ अंश कललंय आणि पुढच्या ब्लॉकमध्ये वायकडे ०.१ अंश कलायचंय. टूलच्या दिशेत फरक ०.१४ अंशांचा, पण त्यासाठी सीला ९० अंश फिरावं लागतं. जॉबचा तो भाग टेबलाच्या केंद्रापासून १०० मिमीवर असेल तर तो १५७ मिमीची कमान फिरून येतो, आणि एक्स-वायला त्याच्यामागे धावावं लागतं. जॉबवर मात्र कटर जेमतेम दशांश मिलिमीटर सरकलेला असतो. कंट्रोलरचा टूलचं टोक सांभाळणारा मोड (जी४३.४, ट्राओरी किंवा एम१२८) चालू असला तरी यातून सुटका नाही. ते टूलचं टोक जागेवर ठेवतात, रोटरीचं फिरणं वाचवत नाहीत.

यावर सांगितला जाणारा सोपा उपाय म्हणजे १० अंश लीड द्या, म्हणजे टूल फीडच्या दिशेत तेवढं कलवा. मी दिला. भोवरा माथ्यावरून उतरून उतारावर गेला, एवढंच. कारण जिथे सरफेसचा उतार आणि लीड एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे टूल पुन्हा उभं राहतं. वर माझा पाथ झिगझॅग होता. लीड फीडच्या दिशेवरून मोजला जात असल्यामुळे प्रत्येक वळणावर टूल १० अंश पुढून १० अंश मागे झुलायचं. आवाज ऐकूनच कळायचं की काहीतरी बिनसलंय.

चाललं ते असं. माथ्याची टोपी वेगळी काढली, उतार १० अंशांपर्यंत असेल तेवढीच. तिथे टूल २५ अंशांवर पक्कं कलवून ३+२ मध्ये, म्हणजे रोटरी एका कोनात थांबवून फक्त एक्स-वाय-झेड चालवत, कापलं. रोटरी लॉक, त्यामुळे थरथर नाही. टूल आणि नॉर्मल यांच्यातला कोन सगळीकडे १५ ते ३५ अंशांत राहतो, म्हणजे टोक तयार सरफेसला लागत नाही. उरलेल्या उतारावर सलग ५-ॲक्सिस, पण नॉर्मलवरून नाही. ॲक्सिस एका बिंदूपासून बाहेर कलता ठेवला आणि ए कधीच ५ अंशांखाली जाणार नाही अशी लिमिट घातली. त्यामुळे सरफेसवरच्या बारीकसारीक पॅचेसचे नॉर्मल टूलपर्यंत पोचतच नाहीत. खोल पॉकेटमध्ये हाच बिंदू वर, पॉकेटच्या तोंडाशी घ्या, म्हणजे होल्डर भिंतीला लागत नाही. टूल कलवल्यामुळे ओव्हरहँग (होल्डरबाहेरची टूलची लांबी) ६० वरून ४० मिमीवर आणता आला तर तेवढ्याच लोडला वाकणं तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतं. मला तरी ५-ॲक्सिसचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

३+२ ची एक खोड सांगून ठेवतो. दोन भाग जुळतात तिथे रेघ दिसू शकते. रोटरीत १० आर्कसेकंदांची चूक असेल तर केंद्रापासून २०० मिमीवर ती जवळपास ०.०१ मिमी होते, आणि पॉलिश केलेल्या मोल्डवर तेवढी नखाला लागते. आधी रोटरीचं केंद्र प्रोबने तपासून घ्या, आणि दोन्ही भाग थोडे एकमेकांवर चढवा.

हे सगळं करण्याआधी खूण आहे तिथले ब्लॉक एनसी फाइलमध्ये शोधा. ए शून्याजवळ आणि सी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात मोठी उडी मारतोय असं दिसलं तर दोष तोच. सी शांत असेल तर वर लिहिलेलं टोपीचं विसरा आणि आधी कटरचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, बघा.